घरोघरच्या प्रती

सरांचे पान जालावरून नाहीसे झाले, तेव्हा ते नाहीसे झाले आहे हे आम्हाला कळायला दोन वर्षे लागली. आमची सगळी चूक या एका वाक्यात आली आहे, म्हणून ती आधीच सांगून टाकतो.

आम्ही दोघे मराठीचे अध्यापक. एकाच सरांच्या हाताखाली एम. ए. झालो, पुढे लग्न केले आणि याच जिल्ह्यातल्या (तेव्हाच्या अहमदनगर, २०२४ पासून अहिल्यानगर) तालुक्याच्या गावी नोकरीला लागलो. आमच्या सरांनी आयुष्यात एकही पुस्तक छापले नाही. त्यांनी शब्द गोळा केले. प्रवरा आणि गोदावरी यांच्या मधल्या पट्ट्यात सायकलवरून, पुढे लुनावरून हिंडत त्यांनी मोटेचे, नांगराचे, गुऱ्हाळाचे, ऊसतोडीचे शब्द वह्यांत टिपले. प्रत्येक शब्दापुढे अर्थ, गावाचे नाव आणि शब्द सांगणाऱ्या माणसाचे वय. वय कशाला, असे आम्ही एकदा विचारले, तेव्हा सर म्हणाले होते, "हा शब्द आणखी किती वर्षे ऐकू येणार, त्याचा हिशेब लागतो."

तो हिशेब खरा ठरला. विहिरीवर इंजिन आले, मग विजेचा पंप आला, आणि मोटेबरोबर नाडा, कणा, थारोळे हे शब्द निघून गेले. 'धाव' हा शब्द राहिला, पण बैल ज्या उतारावरून मोट ओढत खाली जात, त्या उताराला धाव म्हणतात हे वर्गात सांगावे लागते. मुलांना धाव म्हटले की क्रिकेट आठवते.

२००५ साली आम्ही हा संग्रह आंतरजालावर चढवला. हजाराच्या वर शब्द होते. नगरमधल्या एका सायबर कॅफेत तासावर पैसे मोजत, चार महिने रविवार घालवून टंकलेखन केले आणि फुकट जागा देणाऱ्या एका सेवेवर पाने मांडली. पानाच्या तळाशी भेट देणाऱ्यांची संख्या दाखवणारा आकडा होता. तो आकडा वाढलेला पाहून सरांना होणारा आनंद आजही डोळ्यांपुढे आहे. पुढे चार वर्षे ते नवे शब्द आम्हाला पाठवत राहिले आणि आम्ही ते जमेल तसे पानांत घालत राहिलो. दरम्यान सगळ्या पानांची एक सीडी करून आम्ही कपाटात ठेवली आणि जबाबदारी संपली असे मानले.

२०१० साली ती फुकट सेवा बंद झाली. बंद होण्याची सूचना आली असणारच, पण ती ज्या ईमेलच्या पत्त्यावर आली तो आम्ही वापरत नव्हतो. २०१२ मध्ये एका विद्यार्थिनीला दुवा दिला आणि तिने तो उघडत नसल्याचे सांगितले, तेव्हा कळले. सर एवढेच म्हणाले, "असू द्या, वह्या आहेत ना." सर २०१९ मध्ये गेले. त्यांच्यावरील स्मृतिअंकासाठी वह्या काढल्या, तर खालच्या फडताळातल्या अर्ध्याअधिक वह्या वाळवीने खाल्ल्या होत्या. आमची सीडी संगणकात घातली, ती घरघरत राहिली आणि वाचली गेली नाही. जुनी पाने जपणाऱ्या एका परदेशी संग्रहात शोध घेतला, तिथे आमचे मुखपृष्ठ तेवढे सापडले. तळाशी आकडा होता. शब्द नव्हते.

इथे थोडे तांत्रिक विवेचन करणे भाग आहे. आम्हा साहित्याच्या माणसांना ते नकोसे वाटते, पण पुढचा प्रकार त्याशिवाय समजणार नाही.

जालावरची पाने स्थूलमानाने दोन जातींची. बँकेच्या खात्याचे पान विचारणाऱ्याप्रमाणे क्षणोक्षणी बदलते. कोशाचे, कवितेचे, लेखाचे पान मात्र एकदा लिहिले की ज्याला त्याला जसेच्या तसे मिळते. हे स्थिर पान. स्थिर पानाची गंमत अशी, की ते दर वेळी उगमापासून आणण्याचे कारण नसते; वाटेत कुणी प्रत ठेवली असेल तर तीच पुरते. या वाटेतल्या साठ्याला कॅश म्हणतात. आपला ब्राउजर चित्रे नि पाने स्वतःपाशी ठेवतो, ही कॅशच. २००० च्या दशकात अनेक महाविद्यालयांच्या संगणक प्रयोगशाळांत आणि सायबर कॅफेंत एक यंत्र दाराशी बसवलेले असे. बहुधा त्यावर 'स्क्विड' नावाची मुक्त प्रणाली चाले. एका मुलाने पान मागितले की प्रत त्या यंत्रात राही, आणि त्याच पानासाठी आलेल्या पुढच्या एकोणीस मुलांना ती तिथूनच मिळे. बारीक तारेवर वीस संगणक चालत ते या युक्तीने.

ही सोय पुढे आटली. २०१० च्या दशकात बहुतेक संकेतस्थळे वाचक आणि संकेतस्थळ यांच्यामधला सगळा मजकूर कुलूपबंद करून पाठवू लागली. ते आवश्यकच होते. वाटेतल्या कुणी आपले पत्र वाचू नये. परंतु वाटेतल्याला वाचता येत नाही म्हणजे त्याला प्रतही ठेवता येत नाही. आज एका घरातली चार माणसे एकच लेख वाचतात, तेव्हा तो दूरवरून चार वेळा येतो. मोठ्या कंपन्यांनी आपापली वितरणजाळी उभारून स्वतःच्या प्रती वाचकाच्या जवळ आणून ठेवल्या. अकामाई ही त्यातली आरंभीची कंपनी १९९८ सालची. या जाळ्यांमुळे पाने झटकन उघडतात. मात्र तिथली प्रत वेगासाठी असते. मुदत संपली, मागणी थांबली, मालकाने पैसे भरणे थांबवले, की ती पुसली जाते. प्रत जवळ आली, पण ती आपली झाली नाही.

सरांच्या पानाची प्रत सापडली ती पाथर्डी तालुक्यात कृषी सेवा केंद्र चालवणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याकडे. स्मृतिअंकाचे निवेदन वाचून त्याने फोन केला. २००७ साली त्याच्या घरी संगणक होता, आंतरजालाची जोडणी नव्हती. तो कॅफेत बसून सगळी पाने एकेक करून जतन करी, पेन ड्राइव्हवर घेई आणि घरी निवांत वाची. भारनियमनाच्या त्या दिवसांत निवांत म्हणजे वीज असेल तेव्हा. तो जुना संगणक माळ्यावर होता. वाचनाची ओढ आणि पैशांची टंचाई, या दोहोंनी मिळून जे जपले, ते आमच्या कपाटाला जपता आले नव्हते.

फाइल उघडली तर पडद्यावर रोमन अक्षरांचा निरर्थक गोंधळ. मराठी जालावर वावरलेल्या जुन्या वाचकांना यात नवल वाटणार नाही. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून जागा होती, पण कॅफेतल्या संगणकांवर ती सरसकट उपलब्ध व्हायला बरीच वर्षे गेली. तोवर आम्ही सगळेच 'शिवाजी', 'किरण' असे टंक वापरत होतो. त्यांत रोमन अक्षराच्या जागी देवनागरीचे चित्र बसवलेले असे. टंक असेल तर मराठी, नसेल तर बाराखडीची राख. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिले. ते मठांतून सुखरूप राहिले, पण विसाव्या शतकाच्या आरंभी लिपीची किल्ली बाहेर येईपर्यंत इतरांना ते वाचता येत नव्हते. त्यांनी ते हेतुतः केले होते, आम्ही अजाणता. प्रत टिकणे आणि प्रत वाचता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आम्ही वर्गात वर्षानुवर्षे शिकवत होतो. सुदैवाने तो टंक मिळाला आणि दोन महिन्यांत मजकूर युनिकोडमध्ये आला.

नंतर दुसरी प्रत मिळाली, आणि खरी अडचण तिथे सुरू झाली. पुण्यात शिक्षिका असलेल्या एका विद्यार्थिनीकडे २००९ ची सीडी निघाली, आणि ती चालली. आम्ही हर्षाने दोन्ही प्रती शेजारी ठेवल्या. त्या जुळत नव्हत्या. नव्या प्रतीत शंभरावर शब्द अधिक होते, हे ठीक. पण जुन्यांतले काही बदललेले होते. मोटेच्या सोंडेला बांधलेल्या बारीक दोरासाठी एका प्रतीत 'सोल' होते, दुसऱ्या प्रतीत 'सोंदूर'. काही ठिकाणी गावांची नावे निराळी. हे बदल सरांनी केले, की टंकलेखन करताना आमच्या हातून झाले? आता विचारायला सर नव्हते.

ज्या जिल्ह्यात आम्ही राहतो, तिथे हा प्रश्न नवा नाही. प्रवरेच्या काठी नेवाशाला शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी सांगून झाली. ज्या खांबाला टेकून ज्ञानदेवांनी ती सांगितली अशी श्रद्धा आहे, तो पैसाचा खांब तिथे आहे. सच्चिदानंद बाबांनी ती लिहून घेतली. बाळशास्त्री जांभेकरांनी १८४५ मध्ये ती शिळाप्रेसवर छापेपर्यंत साडेपाचशे वर्षे हा ग्रंथ हाताने उतरवलेल्या प्रतींवर जगला. त्याचे रक्षण कुण्या राजाच्या ग्रंथालयाने केले नाही. ज्याला वाचायची होती त्याने उतरवून घेतली, घरात ठेवली, शेजाऱ्याला उतरवू दिली. वाचणारे घर तेच साठवणारे घर, आणि तेच पुढे देणारे घर.

परंतु उतरवणारा हात चुकतो, आणि कधी त्याला आपली ओवी मध्ये घालण्याचा मोहही होतो. तीनशे वर्षांत पाठ इतके बिघडले, की शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, पैठणला एकनाथांना निरनिराळ्या प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध करावा लागला. यात कुणी आपली ओवी मिसळली तर ते अमृताच्या ताटात करवंटी ठेवल्यासारखे होईल, अशा अर्थाची ताकीद त्यांनी शेवटी दिली आहे. तरीही वाद संपला नाही. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९०९ साली एकनाथपूर्व मानलेली प्रत छापली आणि शुद्ध कोणती, हा प्रश्न पुन्हा उभा राहिला. प्रती अनेक असल्या की ग्रंथ वाचतो आणि प्रती अनेक असल्या की ग्रंथ फाटतो. पाठचिकित्सा शिकवताना या दोन वाक्यांतला ताण आम्ही फळ्यावर अनेकदा मांडला होता. तो आता घरातल्या टेबलावर येऊन बसला.

आमच्या एका भाच्याने, जो संगणकशास्त्राचा पदवीधर आहे, आम्हाला या प्रश्नावरचा आजच्या काळातला उपाय समजावून दिला. कोणत्याही मजकुरावर ठरावीक गणित चालवले की चौसष्ट अक्षरांचा एक ठसा निघतो. मजकुरातला एक अनुस्वार हलला तरी ठसा पूर्णपणे बदलतो. मग पानाचा पत्ता 'अमुक कंपनीच्या अमुक यंत्रावर' असा न देता, मजकुराच्या ठशावरूनच द्यायचा. वाचक विचारणार, "या ठशाचा मजकूर कुणाकडे आहे?" ज्याच्याकडे असेल तो देईल. देणारा ओळखीचा असण्याची गरज नाही, कारण आलेला मजकूर पुन्हा ठशाशी ताडून पाहता येतो. देणाऱ्यावरचा विश्वास मजकुरावर येऊन ठरतो. ब्रॅम कोहेन यांनी २००१ मध्ये लिहिलेले बिटटोरेंट या तत्त्वावर चालते: फाइलचे तुकडे करतात, प्रत्येकाचा ठसा नोंदतात, खराब तुकडा आला तर तो टाकून दुसरीकडून आणतात. २०१५ सालचे आयपीएफएस हीच कल्पना सगळ्या पानांना लावते. त्याहीआधी, १९९० च्या दशकाच्या अखेरीस, स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयाने 'लॉक्स' हा प्रकल्प सुरू केला. त्यात अनेक ग्रंथालये एकाच नियतकालिकाच्या प्रती आपापल्याकडे ठेवतात; त्यांची यंत्रे अधूनमधून एकमेकांना विचारून प्रती ताडतात आणि ज्याची बिघडली असेल तो इतरांवरून ती दुरुस्त करून घेतो. एकनाथांनी जे एकदा केले, ते ही यंत्रे अहोरात्र करत असतात, असे आम्हाला क्षणभर वाटले.

ते पूर्ण खरे नाही. ठसा एवढेच सांगतो की दोन प्रती वेगळ्या आहेत. बरोबर कोणती, हे तो सांगत नाही. चूक जशीच्या तशी जपण्यातही तो तितकाच तत्पर असतो. आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. 'जाळ्यावर टाकले म्हणजे राहिले', हे या खुल्या जाळ्यांबाबतही खोटे. आयपीएफएसमध्ये आपण वाचलेल्या पानाची प्रत आपल्या यंत्रात काही काळ राहते. ती मुद्दाम धरून ठेवली नाही, तर जागा करण्यासाठी पुसली जाते. जगात एकानेही धरून ठेवली नाही, तर ठसा उरतो आणि मजकूर जातो. जाळे स्वतःहून काहीही जपत नाही. घर जपते.

याचे मोठे उदाहरण मराठीच्या अभ्यासकांनी पाहिलेले आहे. भारतीय अंकीय ग्रंथालयाच्या, म्हणजे 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया'च्या संकेतस्थळावर जुनी मराठी पुस्तके मोठ्या संख्येने होती. २०१७ च्या सुमारास ते संकेतस्थळ बंद पडले. त्यातली पुष्कळ पुस्तके आज वाचता येतात, कारण कुणीतरी आधीच प्रती उतरवून 'इंटरनेट अर्काइव्ह'वर ठेवल्या होत्या. २००९ मध्ये जिओसिटीज बंद होताना काही स्वयंसेवकांनी तिथली हौशी पाने उतरवली आणि पुढच्या वर्षी सहाशे जीबींहून मोठा तो ढीग टोरेंटने वाटला. आमचे पान जिओसिटीजवर नव्हते. पण कुणी आपल्यासाठी उतरवून ठेवील या आशेवर बसणे हाच मुळात दोष, हे आम्हाला उशिरा उमगले.

पाठाचा प्रश्न शेवटी काकूंनी सोडवला. सरांच्या पत्नी, वय ऐंशीच्या पुढे. दोन्ही प्रती छापून आम्ही त्यांच्याकडे गेलो. 'सोल' आणि 'सोंदूर' वाचून त्या हसल्या. "सोल ह्यांच्या आईचा शब्द. आमच्या माहेरी सोंदूर म्हणायचे. एकदा मी विहिरीवरची गोष्ट सांगत होते, तर मधेच उठून वही घेऊन आले. वय विचारलं. मी म्हटलं, तुम्हाला माहीत नाही का?" २००९ च्या प्रतीत 'सोंदूर' समोर नेवासे तालुका आणि एकसष्ट असा आकडा होता. म्हणजे नंतरचा बदल सरांचाच होता. पण आधीचा शब्द त्यांनी चूक म्हणून काढला होता, की आम्ही नवा शब्द घालताना जुन्यावर लिहून टाकला? आमच्या टंकलेखनाची सवय पाहता आम्हाला दुसरी शक्यता खरी वाटते. सर शब्द काढून टाकणारे नव्हते.

म्हणून आम्ही एकनाथांचा मार्ग धरला नाही. तेवढा अधिकारही नाही. शुद्ध पाठ सिद्ध करण्याऐवजी दोन्ही प्रती जशा मिळाल्या तशा वेगवेगळ्या ठेवल्या, आणि तिसरी एकत्रित प्रत केली. तीत प्रत्येक पाठभेदापुढे तो कोणत्या प्रतीतला हे नोंदवले. काकूंनी सांगितलेले त्यांच्या नावाने घातले. वाचता आलेल्या वह्यांची छायाचित्रेही जोडली. सगळी पाने साधी, स्थिर; ती वाचायला कोणत्याही सेवेची गरज नाही. तिन्ही प्रतींचे ठसे स्मृतिअंकाच्या शेवटच्या पानावर छापले. कागदावर छापलेले ठसे पाहून मुद्रकाने हे कोणत्या भाषेत आहे, असे विचारले.

आमच्या घरी आता तळहाताएवढा एक रास्पबेरी पाय संगणक पुस्तकांच्या फळीवर आहे. त्यावर सरांचा संग्रह आहे, आणि किविक्स या मुक्त प्रणालीतून घेतलेली मराठी विकिपीडियाची अखंड प्रतही. रस्त्याच्या खोदकामात तार तुटली, की घरातल्या आणि शेजारच्या मुलांना ती आमच्या वायफायवरून वाचता येते. सरांचा संग्रह टोरेंटनेही वाटला जातो. मात्र आमच्यासारख्या घरगुती जोडण्यांना बहुधा स्वतःचा सार्वजनिक पत्ता नसतो, त्यामुळे बाहेरच्याला थेट आमच्यापर्यंत पोचणे कठीण जाते. म्हणून प्रती माणसांच्या हातीही पाठवतो. पाथर्डीचे दुकान, पुण्याची शिक्षिका, भाचा, आणि यंदाच्या वर्गातली सात मुले, अशी आमच्याखेरीज दहा घरे झाली. देताना एकच अट घालतो: वर्षातून एकदा, सरांच्या पुण्यतिथीला, आपल्या प्रतीचा ठसा काढून छापील ठशाशी ताडून पाहायचा आणि जुळला की नाही ते कळवायचे. गेल्या वर्षी नऊ घरांतून कळले. एका घरचा ठसा जुळला नाही. मुलाने फाइल उघडून आपल्या आजीचा एक शब्द त्यात घातला होता.

तो त्याने खाली, वेगळ्या ओळीवर घातला होता. पुढे गाव होते, आणि वय चौऱ्याऐंशी. त्याला रागवावे की शाबासकी द्यावी, यावर आमचे दोघांचे अजून एकमत झालेले नाही. तूर्त त्याला नवी शुद्ध प्रत दिली आहे. आजीचा शब्द आम्ही एका नव्या वहीत उतरवून घेतला आहे.